काळी वाळू काँक्रीटमध्ये घालण्याआधी: फाउंड्रीच्या टाकाऊ वाळूवरचा अभ्यास कसा करायचा आणि कसा वाचायचा

बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छेला किंवा होनग्याला फाउंड्रीच्या मागच्या कुंपणाजवळ काळ्या वाळूचा ढीग असतोच. ओतकाम चालू आहे तोवर तो वाढत राहतो. दुसरीकडे घर बांधणाऱ्याला वाळू परवडेनाशी झाली आहे आणि नदीतून ती उपसण्यावर निर्बंध आहेत. मग ही काळी वाळूच काँक्रीटमध्ये का घालू नये? सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना हा प्रश्न पडतो, तसा पेव्हर ब्लॉक पाडणाऱ्यालाही पडतो. प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर मात्र बऱ्याच अहवालांत एका ओळीत उरकलेले असते: वीस टक्के वाळू बदलली, ताकद सर्वांत जास्त आली.

ही ओळ खरी असू शकते. पण वाळू कोणत्या प्रकारची, ढिगातून कशी उचलली, किती ओली होती, पाणी किती घातले, ताकद मोजायला काँक्रीटचे ठोकळे (क्यूब) किती फोडले, हे सोबत लिहिलेले नसेल तर त्या ओळीचा दुसऱ्या कुणालाच उपयोग नाही. असा अभ्यास म्हणजे शेवटी एक तुलना असते, आणि दोन मिश्रणांत एकच गोष्ट वेगळी असेल तरच तुलना टिकते. फाउंड्रीच्या वाळूत ही अट पाळणे वाटते त्यापेक्षा बरेच अवघड आहे.

ढिगात नेमके काय असते

सगळी काळी वाळू एक नसते. सर्वांत जास्त आढळते ती ग्रीन सँड. नाव ग्रीन असले तरी रंगाने काळीच. तिच्यात साधारण 85 ते 95 टक्के सिलिका वाळू, 4 ते 10 टक्के बेंटोनाइट माती, 2 ते 10 टक्के कोळशाची पूड आणि 2 ते 5 टक्के पाणी असते. माती आणि पाणी मिळून साचा धरून ठेवतात. कोळशाची पूड रसाच्या उष्णतेने जळून वायू सोडते आणि साच्याच्या आतल्या बाजूला कार्बनचा पातळ थर बसतो, त्यामुळे वाळू कास्टिंगला चिकटत नाही.

दुसरा प्रकार रसायनाने बांधलेल्या वाळूचा. कोअर (कास्टिंगमध्ये पोकळी ठेवणारे वाळूचे गाभे) आणि मोठे साचे यांसाठी फ्युरान किंवा फिनॉलिक रेझिन वापरतात, वाळूच्या वजनाच्या एक-दोन टक्के. फ्युरान घट्ट व्हायला आम्ल लागते आणि ते थोडेफार वाळूत मागे राहते. तिसरा प्रकार सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूने घट्ट केलेल्या वाळूचा. तिच्यात सोडियम सिलिकेट असते, म्हणजे अल्कली. सिमेंटच्या दृष्टीने आम्ल आणि अल्कली ही दोन टोके आहेत: आम्ल सिमेंटचे जमणे लांबवते, तर जादा अल्कलीमुळे काही खड्यांशी हळूहळू अभिक्रिया होऊन काँक्रीट काही वर्षांनी फुगून तडकू शकते. दोन्ही वाळू एकाच ढिगात पडल्या की त्या ढिगाबद्दल काहीच ठामपणे बोलता येत नाही. म्हणून पहिली विचारपूस फाउंड्रीच्या मोल्डिंग सुपरवायझरकडे करायची: ग्रीन सँड किती, कोअर कोणत्या पद्धतीचे, आणि नॉकआउटनंतर, म्हणजे साचा फोडून कास्टिंग काढल्यावर, सगळे एकत्रच पडते की वेगळे?

वाळू टाकून का द्यावी लागते, हेही समजून घेतले पाहिजे. कच्च्या लोखंडाचा रस साधारण 1400 अंश सेल्सिअसला ओततात. रसाला लागून असलेल्या थरातली माती सुमारे 600 अंशांच्या पुढे गेली की तिच्यातले बांधलेले पाणी कायमचे निघून जाते. अशा मृत मातीत परत कितीही पाणी घातले तरी ती चिकटत नाही. उलट ती वाळूच्या कणावर भाजून बसते आणि प्रत्येक ओतकामाला आणखी एक थर चढतो, मसाला शेंगदाण्यावर बेसन चढते तसा. मृत माती, राख आणि बारीक भुकटी वाढली की साचा हवा सोडत नाही आणि कास्टिंगमध्ये वायूची भोके, म्हणजे ब्लोहोल, येतात. हे टाळायला कारखाना रोज थोडी नवी वाळू घालतो आणि तेवढीच जुनी बाहेर काढतो. अमेरिकेतल्या महामार्ग खात्याच्या एका जुन्या अंदाजानुसार तिथल्या फाउंड्र्या वर्षाला सुमारे 10 कोटी टन वाळू फिरवतात आणि त्यातली 60 लाख ते एक कोटी टन बाहेर टाकतात. म्हणजे बहुतेक वाळू आतच फिरते, फेकली जाते ती थोडीच.

काँक्रीटचा विचार करण्याआधी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण प्रकल्पात ती सहसा येत नाही. टाकाऊ वाळूचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे परत साचाच. फ्युरानची वाळू यंत्रात कणावर कण घासून स्वच्छ करता येते आणि चांगल्या संयंत्रात तिचा मोठा भाग पुन्हा मोल्डिंगला जातो. रेझिनची वाळू 650 ते 800 अंशांवर भाजून तर जवळजवळ नव्यासारखी होते, फक्त इंधनाचा खर्च येतो. सोडियम सिलिकेटची वाळू मात्र सहज सुधारत नाही. अशी सुधारणा, म्हणजे रिक्लेमेशन, करून जे उरते, ती बारीक धूळ आणि थकलेली वाळू, त्याच्यासाठी बांधकामाचा विचार करायचा. हा क्रम उलटा केला तर किमती सिलिका आपण रस्त्यात पुरतो आणि साच्यासाठी नवी खणून आणतो.

काँक्रीटला ही वाळू का झेपते आणि कुठे झेपत नाही

फाउंड्रीची वाळू बारीक असते. तिचे बहुतेक कण 600 ते 150 मायक्रॉनच्या चाळण्यांत सापडतात, म्हणजे खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या, आयएस 383 च्या, भाषेत झोन चार या सर्वांत बारीक गटाच्या आसपास. क्रशरची एम सँड (दगड फोडून केलेली वाळू) आपल्याकडे दख्खनच्या काळ्या दगडाची, कोनेदार आणि बऱ्याचदा भरड असते. तिच्यात थोडी बारीक गोल वाळू मिसळली की मधल्या फटी भरतात आणि काँक्रीट दाट होते. थोड्या प्रमाणात ताकद वाढलेली दिसते ती बहुतेक याच कारणाने. काळ्या वाळूत काही जादू आहे असे समजायचे कारण नाही, तितकीच बारीक स्वच्छ नदीची वाळू घातली तरी असाच फायदा मिळू शकतो. म्हणून चांगल्या अभ्यासात आणखी एक तुलना असते: तेवढ्याच टक्के बारीक स्वच्छ वाळूचे मिश्रण. हे मिश्रण नसेल तर फायदा कणांच्या आकाराचा की फाउंड्रीच्या वाळूचा, हे कळतच नाही. या एका जादा मिश्रणाला नऊ क्यूब लागतात, तेवढे पाडावेच.

नुकसान करणाऱ्या गोष्टी दोन. पहिली माती. ती पाणी पिते, त्यामुळे स्लम्प, म्हणजे ओल्या काँक्रीटचा सैलपणा, उतरतो आणि मिक्सरवरचा माणूस नकळत पाणी वाढवतो. शिवाय मातीचा थर असलेल्या कणाला सिमेंट नीट धरत नाही. दुसरी गोष्ट कोळसा. आयएस 383 मध्ये नैसर्गिक वाळूसाठी 75 मायक्रॉनखालचा बारीक भाग 3 टक्क्यांपर्यंत आणि कोळसा 1 टक्क्यापर्यंत चालतो. आता हिशेब करा. समजा ढिगातल्या वाळूत 4 टक्के जळणारा भाग आहे. वीस टक्के वाळू बदलली तर एकूण बारीक खड्यात तो 0.8 टक्के होतो, मर्यादेच्या आत. तीस टक्के बदलली तर 1.2 टक्के, मर्यादेबाहेर. बऱ्याच अभ्यासांत टक्केवारी वाढवत नेली की ताकद घसरते, त्यामागे हेच गणित असण्याची शक्यता मोठी. आणि म्हणूनच तुमच्या ढिगात जळणारा भाग 2 टक्के असेल तर तुमची योग्य टक्केवारी वेगळी निघेल. दुसऱ्याचे वीस टक्के उचलून आपल्याकडे लावता येत नाहीत.

हा जळणारा भाग मोजायला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. वाळू 105 ते 110 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायची, मग मफल फर्नेसमध्ये 950 अंशांच्या आसपास तापवून पुन्हा तोलायची. जे वजन घटले ते लॉस ऑन इग्निशन, म्हणजे एलओआय. त्यात कोळशाबरोबर रेझिन आणि मातीतले बांधलेले पाणीही येते, त्यामुळे ते कोळशाचे वरच्या बाजूचे मोजमाप समजावे. मातीसाठी 50 ग्रॅम वाळलेली वाळू कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात घुसळून, थोडा वेळ स्थिर ठेवून वरचे गढूळ पाणी नळीने ओढून काढायचे आणि पाणी नितळ दिसेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करायचे. उरलेली वाळू वाळवून तोलली की गेलेली माती कळते. त्यातली जिवंत माती किती, हे मिथिलीन ब्लूच्या चाचणीने कळते आणि ती सोय बहुतेक मध्यम फाउंड्रीच्या सँड लॅबमध्ये असते. विचारून पाहा, रोजच्या नोंदी तिथे तयार असतात.

नमुना घेण्यापासून क्यूब फोडण्यापर्यंत

सर्वांत जास्त चुका नमुना घेतानाच होतात. ढिगाच्या पायथ्याशी फावडे घालून दोन पोती भरली की काम झाले असे वाटते. पण ढिगावरून भरड कण घरंगळत खाली येतात, बारीक वर राहतात, आणि पावसाने माती आतल्या थरात धुऊन जाते. म्हणून ढिगाच्या वर, मध्ये आणि खाली, सगळ्या बाजूंनी, वरचा वीतभर थर बाजूला सारून दहा-बारा ठिकाणांहून सारखी वाळू घ्यायची. सगळी ताडपत्रीवर ओतून कालवायची, गोल ढीग करून चपटा करायचा, चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, दोन पुन्हा कालवायचे. हवी तेवढी उरेपर्यंत हे चालू ठेवायचे. शक्य असेल तर महिन्याच्या अंतराने तीन वेळा नमुना घ्यावा. एकाच दिवसाची वाळू फक्त त्या दिवसाबद्दल बोलते.

मग साफसफाई. 2.36 मिलिमीटरच्या चाळणीतून काढली की कोअरचे तुकडे, स्लॅग आणि खिळे वर राहतात. चाळलेली वाळू पातळ पसरून तिच्यावरून चुंबक फिरवायचे. लोखंडाचे बारीक मणी राहिले तर ते काँक्रीटमध्ये गंजतात, फुगतात, पृष्ठभागावर तांबूस डाग पडतात आणि टवके निघतात. पेव्हर ब्लॉकवर हे डाग पहिल्याच पावसाळ्यात दिसतात. हे सगळे करताना धूळ रोखणारा चांगला मास्क लावायचाच, साधा रुमाल नको. बारीक सिलिका फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही आणि सिलिकोसिस बरा होत नाही. चाळणाऱ्या मुलांच्या जिवाशी खेळून मिळवलेला निकाल कुणालाच नको आहे.

आता मिश्रण. उदाहरणादाखल एम 25, म्हणजे 28 दिवसांना 25 मेगापास्कल ताकदीचे काँक्रीट, घेऊ. मिश्रण ठरवण्याच्या आयएस 10262 या मानकाप्रमाणे प्रमाण विचलन (आकड्यांचा पसारा) 4 धरले तर लक्ष्य ताकद 25 अधिक 1.65 गुणिले 4, म्हणजे 31.6 मेगापास्कल. एका घनमीटरला साधारण 360 किलो सिमेंट, 180 लिटर पाणी, 750 किलो एम सँड आणि 1200 किलो खडी धरू, खडी आणि वाळू दोन्ही काळ्या दगडाची. एका मिश्रणाचे 7, 28 आणि 90 दिवसांसाठी प्रत्येकी तीन असे नऊ क्यूब लागतात. 150 मिलिमीटरचा एक क्यूब 0.003375 घनमीटरचा, नऊचे 0.0304, सांडलवंड धरून 0.035 घनमीटर. म्हणजे एका घाण्याला (एका वेळी कालवलेल्या मिश्रणाला) सिमेंट 12.6 किलो, पाणी 6.3 लिटर, वाळू 26.25 किलो, खडी 42 किलो.

वीस टक्के बदलायची म्हणजे 5.25 किलो एम सँड काढून 5.25 किलो काळी वाळू घालायची, असे बहुतेक जण करतात. इथे एक सापळा आहे. काळ्या दगडाच्या वाळूची विशिष्ट घनता 2.8 च्या आसपास, फाउंड्रीच्या वाळूची 2.45 च्या आसपास. तेवढ्याच वजनाची काळी वाळू 1.88 लिटरऐवजी 2.14 लिटर जागा घेते, आणि घाण्याचा आकार पाऊण टक्क्याने वाढतो. वरवर क्षुल्लक, पण घनमीटरमागचे सिमेंट तेवढे घटते आणि चाळीस टक्क्यांना हा फरक दीड टक्क्यावर जातो. म्हणून आकारमानाने बदल करावा: 5.25 किलो काढा आणि 4.6 किलो घाला. आपण वजनाने बदलले की आकारमानाने, हे अहवालात लिहिलेच पाहिजे.

दुसरा सापळा ओलाव्याचा, आणि तो पहिल्यापेक्षा फार मोठा आहे. खानापूरच्या बाजूने जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की उघड्यावरची वाळू कधीच पूर्ण कोरडी नसते. वाळूच्या पृष्ठभागावर 3 टक्के पाणी असेल तर 26.25 किलो वाळूबरोबर जवळजवळ 790 मिलिलिटर पाणी फुकट येते. पाणी आणि सिमेंटचे गुणोत्तर 0.50 वरून 0.56 होते आणि ताकद सहज चार-पाच मेगापास्कलने पडते. समजा साधे मिश्रण जुलैत ओल्या वाळूने पाडले आणि वीस टक्क्यांचे मिश्रण डिसेंबरात कोरड्या वाळूने. काळी वाळू जिंकणार हे ठरलेलेच, पण खरी जिंकली ती हवा. सगळी वाळू ओव्हनमध्ये वाळवून, नाहीतर प्रत्येक घाण्याच्या सकाळी ओलावा मोजून पाणी कमी करून हे टाळता येते. शक्यतो सगळी मिश्रणे एकाच आठवड्यात, एकाच खेपेच्या सिमेंटने पाडावीत. आणि ती 0, 10, 20, 30 अशा चढत्या क्रमाने नको, चिठ्ठ्या टाकून पाडावीत, कारण दिवसभरात मिक्सर तापतो, हात बसतो, माणसे थकतात आणि या सगळ्याचा परिणाम टक्केवारीच्या माथी बसतो.

स्लम्प उतरला तर पाणी अजिबात वाढवायचे नाही. दोनच मार्ग: पाणी तेच ठेवून स्लम्प किती उतरला ते नोंदवायचे, किंवा सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणारे रसायन) घालून स्लम्प सारखा करायचा आणि त्याचे प्रमाण लिहायचे. दुसऱ्या मार्गात काळ्या वाळूची किंमतही नीट समजते, कारण बचत केलेल्या वाळूपेक्षा प्लास्टिसायझरचा खर्च जास्त निघाला तर कारखानदार ती वापरणार नाही.

क्यूब भरताना 50 मिलिमीटरचे तीन थर, प्रत्येक थराला 16 मिलिमीटर सळईने किमान 35 ठोके. चोवीस तासांनी साचा खोलून 27 अंशांच्या आसपास पाण्यात. डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या रात्री चांगल्याच थंड असतात आणि उघड्या टाकीचे पाणी बरेच खाली उतरते, त्यामुळे 7 दिवसांचे आकडे कमी येतात. टाकीत थर्मामीटर टांगून ठेवावा. फोडताना क्यूब ज्या तोंडाने भरला ते तोंड वर ठेवायचे नाही, आडवा करून बाजूच्या गुळगुळीत तोंडांवर दाब द्यायचा. भार मिनिटाला चौरस सेंटिमीटरमागे 140 किलो या सारख्या वेगाने. हाताने चालवायच्या जुन्या यंत्रावर घाईत जोर दिला की आकडा वर जातो.

तीन क्यूब काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

समजा 28 दिवसांना साध्या मिश्रणाचे तीन क्यूब 33.1, 31.4 आणि 34.6 आले. सरासरी 33.0. वीस टक्क्यांचे 34.9, 32.2 आणि 36.0. सरासरी 34.4. अहवालात लिहिले जाते: ताकद 4 टक्क्यांनी वाढली. पण एकाच मिश्रणातल्या तीन क्यूबांत आपसातच तीन-चार मेगापास्कलचे अंतर आहे. इतक्या पसाऱ्यात दोन सरासऱ्यांमधला 1.3 चा फरक निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो. दोन सरासऱ्यांतला फरक तपासणाऱ्या टी चाचणीचे गणित केले तर, तीन-तीन क्यूबांवर आणि इतक्या पसाऱ्यावर, 95 टक्के खात्रीने फरक आहे म्हणायला सुमारे 4 मेगापास्कलचे अंतर हवे. इथे बरोबर वाक्य असे: वीस टक्क्यांपर्यंत ताकद घटल्याचे दिसले नाही. कारखानदाराला हेच वाक्य पुरते. त्याला ताकद वाढवायची नसते, ताकद न घालवता वाळू वाचवायची असते. तेवढ्यासाठी आकड्याला फुगवायची काही गरजच नाही.

काँक्रीटचे मानक आयएस 456 म्हणते की तिघांपैकी एखादा क्यूब सरासरीपेक्षा 15 टक्क्यांहून जास्त लांब असेल तर तो संच ग्राह्य नाही. याचा अर्थ नकोसा क्यूब गुपचूप वगळावा असा नाही. संच बाद करून पुन्हा पाडायचा आणि का बाद झाला ते लिहायचे. ज्या अहवालात एकही क्यूब बिघडलेला नाही, त्यावर परीक्षकाने जास्त प्रश्न विचारावेत.

दुसऱ्याचा अभ्यास वाचतानाही नजर इथेच ठेवायची. सारांश शेवटी वाचा, साहित्य आणि पद्धत आधी. एक चांगला नमुना म्हणजे पटियाळ्याच्या थापर संस्थेतले रफत सिद्दीकी आणि सहकाऱ्यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेले काम. त्यांनी 10, 20 आणि 30 टक्के वाळू बदलली आणि 365 दिवसांपर्यंत चाचण्या घेतल्या. ताकद वाढली, पण थोडीच, आणि त्यांनीही ती थोडीच असल्याचे म्हटले आहे. सुरक्षिततेच्या बाजूने अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे 2014 सालचे मूल्यमापन उपयोगी आहे. लोखंड, पोलाद आणि ॲल्युमिनियम ओतणाऱ्या कारखान्यांची सिलिका वाळू माती आणि रस्त्याच्या थरासारख्या ठरावीक उपयोगांना सुरक्षित असल्याचे त्यात म्हटले आहे. पितळ आणि कांस्याच्या ओतकामाची वाळू त्यात धरलेली नाही, कारण तिच्यात शिसे असू शकते. आपल्याकडे एकाच गल्लीत लोखंडाची आणि पितळेची भट्टी असते, तेव्हा ट्रॉली कुठून भरली याची नोंद हवीच.

साखर कारखान्यांच्या बॉयलरच्या राखेलाही हीच शिस्त लागू. संकेश्वर, चिकोडी, अथणी पट्ट्यात बगॅसची (उसाच्या चिपाडांची) राख भरपूर, पण बॉयलरचे तापमान आणि हवा जशी बदलते तशी तिच्यातली न जळलेली चिपाडे आणि सिमेंटशी संयोग पावणारी सिलिका बदलते. न चाळता, न दळता सिमेंटऐवजी घातली तर ती नुसती काळी भर ठरते. इथे तुलनेसाठी तितकीच बारीक दळलेली निष्क्रिय दगडपूड घातलेले एक मिश्रण हवे.

शाळेत कचरा वेगळा करायला शिकवले, तर शिकली का मुले?

हा प्रश्नही असाच मोजता येतो आणि बीएडच्या किंवा समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी तो जरूर घ्यावा. नेहमीची रीत म्हणजे व्याख्यानाआधी एक प्रश्नावली, नंतर तीच प्रश्नावली, आणि गुण वाढले की कार्यक्रम यशस्वी. यातून एवढेच कळते की मुलांनी ऐकले. बाटली कुठे टाकली, ते डबाच सांगतो.

म्हणून डबा तोला. सुक्या कचऱ्याचा डबा रोज शाळा सुटल्यावर ताडपत्रीवर ओतायचा, त्यात चुकून पडलेला ओला कचरा वेगळा तोलायचा आणि एकूण वजनाशी त्याचे प्रमाण काढायचे. हातमोजे घालून, दहा ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर. कार्यक्रमाआधी दोन आठवडे, नंतर दोन आठवडे, आणि तीन महिन्यांनी पुन्हा दोन आठवडे, कारण पहिला उत्साह बहुतेक वेळा टिकत नाही. जवळच्याच एका शाळेत कार्यक्रम न घेता फक्त तोलायचे. नाहीतर गणपतीच्या सुट्टीने किंवा मध्यान्ह भोजनातल्या बदलाने झालेला फरक आपल्या नावावर जमा होतो.

एका वर्गात चाळीस मुले असली तरी शिकवणे वर्गाला झाले आहे, डबाही वर्गाचाच आहे. म्हणजे तो एक नमुना, चाळीस नव्हेत. दोन वर्गांची तुलना करून ऐंशी मुलांचा अभ्यास केला म्हणणे म्हणजे एकाच घाण्यातून दहा क्यूब पाडून दहा घाण्यांचा दावा करणे. आठ-दहा वर्ग तरी हवेत, आणि कोणत्या वर्गात कार्यक्रम घ्यायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवायला हवे. सीमाभागात एक जादा काळजी: मराठी आणि कन्नड माध्यमाच्या शाळा एकत्र घेतल्या तर प्रश्नावली एका भाषेतून दुसरीत नेऊन, तिसऱ्या व्यक्तीकडून परत पहिलीत आणून पडताळायची. एका माध्यमातला प्रश्न सोपा झाला तर शाळांमधला फरक म्हणून तोच मोजला जाईल.

वर्षभराचे आकडे आणि पुढची बॅच

आता पुन्हा काळ्या वाळूकडे. पेव्हर ब्लॉकसाठी हे काम करायचे असेल तर नुसती ताकद पुरत नाही. पेव्हर ब्लॉकच्या आयएस 15658 या मानकाप्रमाणे ब्लॉकने सरासरी 6 टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. माती असलेली वाळू इथेच आधी नापास होते. अथणीच्या कोरड्या अंगणात जो ब्लॉक वर्षभर नीट राहील, तोच जांबोटी-कणकुंबीच्या पावसात शेवाळून टवके सोडू शकतो, म्हणून शंभर-दीडशे ब्लॉक दोन्हीकडे बसवून पाहावेत. व्यापारी प्रमाणावर वापरण्याआधी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारावे. आयएस 383 च्या 2016 च्या आवृत्तीत स्लॅग, तांब्याचा स्लॅग, जुन्या काँक्रीटची खडी यांना मर्यादेसह जागा दिली आहे. वर सांगितलेल्यांत काळी वाळू नाही, म्हणून तिचा वापर सुरू करताना ग्राहकाला तसे सांगून, चाचणीचे कागद दाखवूनच सुरू करावा.

अडचण अशी की शेवटच्या वर्षाचा प्रकल्प एका सत्रात संपतो आणि 365 दिवसांचे क्यूब टाकीतच राहतात. पुढच्या वर्षी टाकी साफ करणारा माणूस ते फेकून देतो. म्हणून प्रत्येक मिश्रणाचे तीन जादा क्यूब पाडावेत, त्यांच्यावर तेलरंगाने मिश्रणाचा क्रमांक, पाडल्याची तारीख आणि फोडायची तारीख लिहावी, पाण्यात पुसणारा मार्कर वापरू नये. विभागाच्या वहीत वाळू कोणत्या प्रकारची, एलओआय, माती, ओलावा, सिमेंटची खेप आणि प्रत्येक क्यूबचा सुटा आकडा नोंदवावा, नुसती सरासरी नव्हे. मूळ ढिगाची पाच किलो वाळू घट्ट झाकणाच्या डब्यात त्याच क्रमांकाने ठेवावी. ही वही, डबा आणि क्यूब पुढच्या बॅचच्या हाती सही घेऊन सोपवावेत, आणि त्यांच्या प्रकल्पाचे पहिले काम हे क्यूब तारखेला फोडणे हेच असावे.